आकाशातले तीन नांगर



दरवर्षी ७ किंवा ८ जूनला मृग नक्षत्र लागतं. पंचांगात त्याचं वाहन बघतात, शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो, आणि पाऊस वेळेवर आला तर म्हणतो, मृग साधला. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांनाही हे ओळखीचं असेल. हैदराबादेत त्याच दिवसाला मृगशिरा कार्ते म्हणतात आणि त्या दिवशी मासे खायची रीत आहे. केरळात याच हिशेबाला ञाट्टुवेला म्हणतात. आपल्या आर्द्रा नक्षत्राचा जो काळ, तीच त्यांची तिरुवातिरा ञाट्टुवेला. रोपं लावायला, कलमं करायला हा काळ तिथे उत्तम मानतात.

आता एक प्रयोग करा. मृग लागतो त्या रात्री आकाश चुकून निरभ्र मिळालं, तर मृगाच्या चांदण्या शोधा. संध्याकाळी शोधा, मध्यरात्री शोधा, पहाटे शोधा. सापडणार नाहीत. ज्या दिवसांना आपण मृगाचं नाव दिलंय, नेमका त्याच दिवसांत आकाशात मृग दिसत नाही.

मग हे नाव दिलं कोणी, आणि काय बघून दिलं? आजचा भाग याच प्रश्नावर आहे. निमित्त झालं एका श्रोत्याच्या प्रश्नाचं. त्यांनी विचारलं होतं, "ताऱ्यांना नावं आधी कोणी दिली, आपण की ग्रीकांनी?" त्याचं उत्तर मी शेवटी देणार आहे, पण एका वाक्यात ते मिळणार नाही. त्यासाठी थोडा वेळ अंगणात उभं राहावं लागेल.

तीन तारे

डिसेंबरच्या अखेरीस, रात्रीचं जेवण झालं की गच्चीवर जा आणि पूर्वेकडे तोंड करा. एका ओळीत, सारख्या अंतरावर असलेले तीन तारे लगेच दिसतील. त्यांच्याभोवती चार ठळक तारे, मोठ्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांसारखे. ते मृगाचे चार पाय. त्यातला तांबूस तारा काक्षी, निळसर पांढरा तारा राजन्य. तीन ताऱ्यांची रेघ खाली वाढवा, ती व्याधाकडे जाते. व्याध हा रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. तीच रेघ वर वाढवा, रोहिणी येते आणि तिच्याही पुढे कृत्तिकांचा पुंजका.

या सगळ्यांना बांधणारी गोष्ट ऐतरेय ब्राह्मणात आहे. प्रजापती मृगाचं रूप घेऊन आपल्याच कन्येच्या, रोहिणीच्या मागे धावला. देवांना हे पाप वाटलं. त्यांनी आपल्या उग्र अंशांतून एक धनुर्धर निर्माण केला आणि त्याने प्रजापतीला बाण मारला. मृग आकाशात गेला, व्याध आकाशात गेला, रोहिणीही गेली. आणि तो बाण? तो तीन कांडांचा होता, तोही आकाशात गेला. मृगाच्या पोटात रुतलेले तीन तारे म्हणजे तो बाण. गोष्ट आणि आकाश एकमेकांशी इतकं जुळतं की ही गोष्ट रचणारा माणूस बाहेर उभा राहून वर बघत होता, याबद्दल मला शंका वाटत नाही.

आता हेच तारे दुसऱ्यांनी कसे पाहिले ते बघू. ग्रीकांना इथे हरीण दिसलं नाही, शिकारी दिसला. त्याचं नाव ओरायन. ते तीन तारे त्याच्या कमरेचा पट्टा. आपला व्याध त्यांच्याकडे शिकाऱ्याचा कुत्रा झाला. म्हणजे आपल्याकडे जो मारला जातो, तो तिकडे मारणारा आहे. इजिप्तमध्ये या ताऱ्यांना साह म्हणत आणि त्यांचा संबंध ओसिरिस देवाशी लावत. इसवी सनापूर्वी सुमारे २३५० पासून पिरॅमिडच्या आतल्या भिंतींवर कोरलेल्या मजकुरात साह आहे. बाबिलोनच्या लोकांना इथे आकाशदेव अनूचा खरा मेंढपाळ दिसला. चिनी लोकांनी कसलीही गोष्ट न रचता याला सरळ शेन म्हटलं, म्हणजे 'तीन'.

तारे तेच, अंतर तेच, रंग तोच. हरीण, शिकारी, देव, मेंढपाळ आणि नुसता आकडा. बघणाऱ्यांची रोजची दुनिया वेगळी, म्हणून चित्र वेगळं.

बघायची गरज काय होती?

आपल्याला वाटतं, जुन्या लोकांना करमणूक नव्हती, म्हणून ते चांदण्या मोजत बसले. तसं नाही. त्यांना तारखेची गरज होती.

चंद्र हे सगळ्यात सोपं घड्याळ. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवस. पण असे बारा महिने मोजले की ३५४ दिवस होतात आणि ऋतूंचं वर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षी अकरा दिवस कमी पडतात. तीन वर्षं नुसत्या चंद्रावर विसंबलात तर पेरणी एक महिना चुकेल. हा गोंधळ ताऱ्यांनी निस्तरला. एखादा तारा काही काळ सूर्याच्या उजेडात हरवतो आणि मग एका पहाटे, सूर्य उगवायच्या जरा आधी, पूर्वेला पुन्हा दिसतो. एका माणसाच्या आयुष्यात ही पहाट दरवर्षी जवळजवळ त्याच ऋतूत, त्याच दिवशी येते. फुकटचं आणि अचूक कॅलेंडर.

इजिप्तमध्ये व्याध साधारण सत्तर दिवस दिसेनासा व्हायचा आणि तो पहाटे पुन्हा दिसू लागला की नाईलला पूर यायचे दिवस आले. ग्रीक कवी हेसिऑड इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमाराला शेतकऱ्यांना सांगतो की कृत्तिका उगवू लागल्या की कापणीला लागा, मावळू लागल्या की नांगरट सुरू करा. कृत्तिका चाळीस दिवस दिसत नाहीत, हेही तो सांगतो. हा कवी स्वतः शेती करणारा होता.

आपल्याकडे लोकांनी चंद्राची वाट धरून मोजलं. चंद्र ताऱ्यांमधून फिरत सत्तावीस दिवस आणि काही तासांत पुन्हा त्याच ताऱ्यापाशी येतो. म्हणून चंद्राचे रोजचे मुक्काम सत्तावीस. हीच आपली नक्षत्रं. पुढे गोष्ट आली की दक्षाच्या सत्तावीस मुली चंद्राला दिल्या, तो रोज एकीच्या घरी जातो आणि रोहिणी त्याची लाडकी. ही लाडीगोडीही आकाशात दिसते. काही वर्षं अशी येतात की चंद्र दर महिन्याला रोहिणीला अगदी खेटून जातो, इतका की कधी कधी तिला झाकून टाकतो.

याच मुक्कामांवरून महिन्यांची नावं पडली. पौर्णिमेचा चंद्र चित्राजवळ असतो तो चैत्र, विशाखाजवळ तो वैशाख, कृत्तिकांजवळ तो कार्तिक, मृगशीर्षाजवळ तो मार्गशीर्ष. आपण लग्नपत्रिकेवर 'मार्गशीर्ष शुद्ध पंचमी' छापतो, तेव्हा नकळत एका ताऱ्याचं नाव छापत असतो.

आणि इथेच सुरुवातीचं कोडं सुटतं. मार्गशीर्षात चंद्र मृगापाशी असतो, म्हणून हिवाळ्यात मृग रात्रभर दिसतो. जूनमध्ये मृगापाशी सूर्य असतो. सूर्याजवळचे तारे दिसणार कसे? एका नक्षत्रात सूर्य तेरा-चौदा दिवस असतो, आणि पावसाची नक्षत्रं ही सूर्याची नक्षत्रं आहेत. जून महिन्यात मृग दिसत नसताना सूर्य तिथेच आहे हे ओळखायचं, तर पहाटे कोण उगवतंय आणि संध्याकाळी कोण मावळतंय यावर वर्षानुवर्षं नजर ठेवावी लागते. 'मृग लागला' या दोन शब्दांमागे एवढी मेहनत आहे.

कोणी कोणाचं घेतलं?

आता वादाच्या मुद्द्याकडे येऊ. बाबिलोनमध्ये मातीच्या विटांवर लिहिलेला ताऱ्यांचा एक ग्रंथ आहे, मुल-अपिन. तो इसवी सनापूर्वी १००० च्या आसपास रचला गेला असं मानतात. तारीख घातलेली सगळ्यात जुनी प्रत इसवी सनापूर्वी ६८६ ची आहे. त्यात चंद्राच्या वाटेवरच्या तारकासमूहांची यादी आहे आणि ती सुरू होते कृत्तिकांपासून. आपल्याकडे अथर्ववेदात आणि तैत्तिरीय संहितेत नक्षत्रांची यादी आहे. तीही कृत्तिकांपासून सुरू होते. अश्विनीपासून मोजायची पद्धत नंतरची.

मग कोणी कोणाचं घेतलं? पटकन उत्तर द्यायचा मोह होतो. मी देणार नाही, कारण तिसरी शक्यता आहे. इसवी सनापूर्वी २३०० च्या सुमाराला वसंत संपात, म्हणजे दिवस-रात्र सारखी असताना सूर्य जिथे असतो ती जागा, कृत्तिकांपाशी होती. त्या काळाच्या आगेमागे ज्यांनी मोजायला घेतलं, त्यांना कृत्तिकांपासून सुरुवात करावीशी वाटणं साहजिक होतं. दोघांनी एकमेकांची वही न बघता एकच उत्तर लिहिलं असेल, कारण प्रश्नपत्रिका एकच होती.

असं आणखी एक उदाहरण. ग्रीक गोष्टीत ओरायनला विंचू मारतो, म्हणून वृश्चिक उगवला की ओरायन मावळतो. चिनी गोष्टीत दोन भाऊ सतत भांडतात, म्हणून त्यांना आकाशाच्या दोन टोकांना ठेवलं. एक मृगाच्या तीन ताऱ्यांपाशी, दुसरा वृश्चिकाच्या भागात. दोघांची कधी गाठ पडत नाही. दोन्ही गोष्टी एकाच निरीक्षणातून आल्या. त्यासाठी कोणी कोणाकडे जायची गरज नव्हती.

पण काही गोष्टी नक्कीच प्रवास करून आल्या, आणि तेही नावच सांगतं. मेष-वृषभ या बारा राशी वेदांतल्या नक्षत्रयाद्यांत नाहीत. बारा सारख्या भागांचं राशिचक्र बाबिलोनमध्ये इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात तयार झालं, तिथून ग्रीकांकडे गेलं आणि ग्रीकांकडून आपल्याकडे आलं. वराहमिहिर सहाव्या शतकातला. त्याच्या बृहज्जातकात राशींची दुसरी नावं दिली आहेत. क्रिय, तावुरि, जितुम, लेय, पाथोन, जूक, कौर्प्य, तौक्षिक, आकोकेर. संस्कृतात या शब्दांना नीट अर्थ लागत नाही. ग्रीकात लागतो. क्रिओस म्हणजे मेंढा, टॉरोस म्हणजे बैल, लेओन म्हणजे सिंह, स्कॉर्पिओस म्हणजे विंचू. वराहमिहिराने हे लपवलं नाही. यवनांना हे शास्त्र चांगलं येतं, असं त्याने मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे.

यातला मकर तर मजेशीर आहे. बाबिलोनमध्ये ती पुढून बोकड आणि मागून मासा असलेली आकृती होती. ग्रीकांनी तिला 'शेळीच्या शिंगांचा' म्हटलं. आपल्याकडे तो मकर झाला, मगरीसारखा जलचर. तिळगूळ वाटताना आपण ज्या राशीचं नाव घेतो, ती तीन संस्कृतींमधून आली आणि येताना तिने दोनदा रूप बदललं.

उलट बाजूही आहे. ऋग्वेदात आकाशात उंचावर ठेवलेल्या 'ऋक्षां'चा उल्लेख आहे, आणि शतपथ ब्राह्मण सांगतं की सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष म्हणत. ऋक्ष म्हणजे अस्वलही. ग्रीक याच ताऱ्यांना आर्क्टोस, अस्वल म्हणत, आणि भाषाशास्त्राच्या दृष्टीने ऋक्ष आणि आर्क्टोस हे भाऊभाऊ शब्द आहेत. इथे उसनवारी झाली असं दिसत नाही. दोघांच्या पूर्वजांची भाषा एक होती, त्या काळची ही आठवण असावी.

आकाश सरकतं, नाव राहतं

मी मघाशी म्हटलं, एका माणसाच्या आयुष्यात तारा त्याच दिवशी परत येतो. अनेक पिढ्यांच्या हिशेबात मात्र येत नाही.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हिपार्कस नावाच्या ग्रीक ज्योतिर्विदाने चित्रा ताऱ्याची जागा मोजली आणि सुमारे दीडशे वर्षांपूर्वीच्या नोंदीशी ताडून पाहिली. तारा साधारण २ अंश सरकला होता. कारण असं की पृथ्वीचा अक्ष डगमगणाऱ्या भोवऱ्यासारखा फिरतो. एक फेरी पूर्ण व्हायला जवळजवळ २६,००० वर्षं लागतात. म्हणजे ७२ वर्षांत एक अंश. आपल्या हिशेबात, ऋतूंच्या तुलनेत नक्षत्रं ७२ वर्षांत सुमारे एक दिवस पुढे सरकतात.

स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी मकरसंक्रांत होती. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. आता हाच हिशेब मागे न्या. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला, पौष शुद्ध अष्टमीला, बुधवारी झाली. आपल्यापैकी बरेच जण समजतात की ती संक्रांतीच्या दिवशी झाली. 'पानिपतावर संक्रांत कोसळली' हे कानावर पडलेलं असतं आणि १४ जानेवारी ही तारीख समोर असते. पण त्या वर्षी संक्रांत १० जानेवारीच्या आसपास होऊन गेली होती. त्या बुधवारी मराठे उपाशीपोटी लढायला उतरले ते संक्रांत होऊन तीन-चार दिवस झाल्यावर. आपण आजची संक्रांत उचलून १७६१ मध्ये नेऊन ठेवली.

हीच चूक आपण मृगाच्या बाबतीत करतो. 'मृगाचा पाऊस हे आपल्या पूर्वजांचं हजारो वर्षांचं ज्ञान' असं आपण सहज म्हणतो. हिशेब करून बघा. वराहमिहिराच्या काळी सूर्य मृगात आजच्यापेक्षा सुमारे वीस दिवस आधी शिरत असे. तीन हजार वर्षांपूर्वी तर एप्रिलच्या शेवटाला. तेव्हा मृगात पाऊस कुठला, ऐन उन्हाळा. म्हणजे मृग हे नाव अतिशय जुनं, पण 'मृग लागला, पेरणीची तयारी करा' हा सल्ला त्यामानाने अलीकडचा. तो ज्यांनी दिला त्यांनी जुनं पान नुसतं वाचून दाखवलं नाही. आपल्या काळचं आभाळ बघून जुन्या नावाला नवं काम दिलं. मला तर यात जास्त अभिमान वाटतो.

याच सरकण्यावरून आपल्या दोन मराठी माणसांनी मोठं धाडस केलं. लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये ओरायन हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. मृगशीर्षाचं एक नाव आग्रहायणी आहे, अमरकोशातही ते आहे, आणि त्यात वर्षारंभाचा अर्थ दडला आहे. टिळकांनी मांडलं की वसंत संपात मृगात होता तेव्हापासूनच्या या आठवणी आहेत, म्हणजे वेदांची परंपरा इसवी सनापूर्वी ४००० च्याही मागे जाते. त्याच सुमाराला जर्मनीत हर्मान याकोबी स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाला आले होते. दुसरे शंकर बाळकृष्ण दीक्षित. पेशाने शिक्षक. १८९६ मध्ये त्यांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिला. आजही या विषयाचा अभ्यास करणाऱ्याला त्या ग्रंथाला वळसा घालून जाता येत नाही. शतपथ ब्राह्मणात म्हटलं आहे की कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत. दीक्षितांनी गणित केलं की कृत्तिका अगदी पूर्वेला उगवत असत तो काळ इसवी सनापूर्वी ३००० चा.

गणित दोघांचंही पक्कं आहे. वाद आहे तो वाक्याच्या अर्थाचा. 'पूर्व दिशा' म्हणजे नेमका पूर्वबिंदू की ढोबळ पूर्व? लिहिणाऱ्याने ते स्वतः पाहिलं, की आजोबांकडून ऐकलेलं लिहिलं? आजचे बहुतेक अभ्यासक केवळ या एका पुराव्यावर वेदांचा काळ ठरवत नाहीत. टिळक आणि दीक्षित यांचं मोठेपण त्यामुळे कमी होत नाही. त्यांनी पुरावा टेबलावर ठेवला, हिशेब दाखवला, दुसऱ्याला तपासता येईल असा दाखवला. आज मोबाईलवर जे 'आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं' असे संदेश फिरतात, त्यात हिशेब नसतो. फरक तो आहे.

ज्यांची पोथी नव्हती

आतापर्यंत मी जे सांगितलं ते सगळं कुठे ना कुठे लिहिलेलं होतं. विटेवर, भिंतीवर, पोथीत. पण आभाळ काही लिहिणाऱ्यांच्याच मालकीचं नव्हतं.

माझी आजी सप्तर्षींना सप्तर्षी म्हणत नसे. ती बाजलं म्हणायची. चार तारे म्हणजे बाजल्याचे चार पाय आणि मागचे तीन म्हणजे चोर. ते बाजलं चोरायला आलेत आणि म्हातारी जागी आहे. शाळेत गेल्यावर मी तिला मोठ्या ऐटीत ऋषींची सात नावं म्हणून दाखवली. ती हसली आणि पुन्हा कधी तिने चोरांची गोष्ट काढली नाही. ते मला आजही टोचतं. तिच्याकडे आणखी काय काय होतं, ते मी विचारलंच नाही.

खूप वर्षांनी एक शोधनिबंध वाचनात आला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंड वस्त्यांत जाऊन, म्हाताऱ्या माणसांना रात्री अंगणात उभं करून विचारलं की तुम्ही या ताऱ्यांना काय म्हणता. २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यात आजीचं बाजलं होतं. म्हातारी, खाट आणि तीन चोर, जसेच्या तसे. आणि मृगाच्या तीन ताऱ्यांना, त्यांच्याखालच्या छोट्या ताऱ्यांसकट, गोंड लोक म्हणत होते नांगर.

मी तिथे थांबलो. कारण बाबिलोनच्या त्या ग्रंथाचं नाव मुल-अपिन, त्याचा अर्थच 'नांगर तारा'. पण बाबिलोनचा नांगर आकाशात दुसरीकडे आहे, देवयानीच्या पायाशी. इंग्लंडमधले शेतकरीही आकाशात नांगर बघत. त्यांचा नांगर म्हणजे आपले सप्तर्षी. तीन लोक, तीन नांगर, तीन वेगळ्या जागा. आणि जावामध्ये? तिथे मृगाला वलुकू म्हणतात, तोही नांगरच, गोंडांच्या नांगराच्या जागी.

यांतल्या कोणी कोणाकडून नांगर उसना आणला असं मानायला कारण नाही. ज्याच्या हातात दिवसभर नांगराचा रुमणा असतो, त्याला रात्री आकाशात नांगर दिसतो. म्हणून मला वाटतं, ताऱ्याचं नाव हा ताऱ्याबद्दलचा पुरावा नाही. तो बघणाऱ्याबद्दलचा पुरावा आहे. तो काय पिकवत होता, कशाला भीत होता, त्याला कसली वाट बघायची होती, हे त्यात नोंदलेलं असतं. तमिळमध्ये कृत्तिकांना अरुमीन म्हणतात. अरु म्हणजे सहा, आणि मीन या शब्दाचा अर्थ तारा आणि मासा, दोन्ही. उत्तरेत गावाकडे त्यांनाच कचपचिया म्हणतात. अरबांनी रोहिणीला अल्देबरान म्हटलं, म्हणजे मागून येणारा, कारण ती कृत्तिकांच्या मागून उगवते. एकेका नावात एकेक अंगण आहे.

जगातल्या खगोलशास्त्रज्ञांची संघटना आज ८८ तारकासमूह मानते. गेल्या काही वर्षांत त्यांनी ताऱ्यांची अधिकृत नावं ठरवायला घेतली तेव्हा रेवती आणि भरणी ही आपली नावं त्या यादीत गेली. आनंद आहे. पण ती पोथीतली नावं होती, म्हणून पोहोचली. बाजलं आणि नांगर यांना पोथी नव्हती. ती नावं माणसांबरोबर जातात.

तर उत्तर काय?

आपण आधी की ग्रीक आधी? नक्षत्रांची आपली यादी हेसिऑडच्या आधीची मानली जाते, हे खरं. बारा राशी आपण बाहेरून घेतल्या, हेही खरं. इजिप्त आणि बाबिलोनचा लेखी पुरावा दोघांच्याही आधीचा, हेही खरं. आणि या सगळ्यांच्या आधी, लिहिता न येणाऱ्या कुणा बाईने पोराला मांडीवर घेऊन वर बोट दाखवलं असणार. तिचं नाव कुठल्याच यादीत नाही. शर्यत लावायचीच असेल, तर ती केव्हाच जिंकून गेली आहे.

माझी एक विनंती आहे. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, बेळगावला, तंजावरला नाहीतर भोपाळला. येत्या हिवाळ्यात एकदा गच्चीवर जा, पूर्वेला ते तीन तारे शोधा. मग घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला, शेतावरच्या गड्याला, रात्रपाळीच्या रखवालदाराला विचारा, "याला तुमच्याकडे काय म्हणतात?" जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा, शेजारी गावाचं नाव आणि तारीख घाला. चूक-बरोबर ठरवू नका आणि त्यांना पुस्तकातलं नाव सांगू नका. मी ते करून बसलोय.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.